सूर यंत्राचा, गज कुणाचा?

श्रोतेहो, लग्नसराईत आपण सगळेच चार-दोन मांडवांतून फिरून येतो. अलीकडे पुष्कळ मांडवांत एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. सनईचा सूर कानावर पडतो, वाजंत्री कुठे बसले आहेत म्हणून आपण पाहतो, तर तिथे सनईही नसते आणि सनईवालाही नसतो. एक तरुण मुलगा कीबोर्डच्या पट्ट्यांवर बोटे ठेवून उभा असतो आणि शेजारच्या कर्ण्यातून सनई वाजत असते. आवाज सनईचाच असतो, खोटा म्हणावा तर तसाही नसतो. पण घटकाभर ऐकल्यावर मनाला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागतं. काय चुकतं, ते मात्र चटकन सांगता येत नाही.

हे जे चुकते ते नेमके काय, आणि ते सुधारता येते की नाही, याचा विचार आज करायचा आहे. त्यासाठी उदाहरण घेणार आहे ते सनईचे नव्हे, दूरच्या आयर्लंड देशातल्या फिडल या वाद्याचे. तुम्ही म्हणाल, घरची सनई सोडून परक्याची फिडल कशाला? त्याला कारणे दोन. एक तर गजाने वाजणाऱ्या वाद्यात वाजवणाऱ्याच्या हाताची हालचाल सुरात जशीच्या तशी उमटते, त्यामुळे यंत्र कुठे अडते ते बोट ठेवून दाखवता येते. आणि दुसरे असे की, आयरिश फिडलवादकांचे वादन गेली शंभर वर्षे ध्वनिमुद्रित होत आले आहे. यंत्राचे काम ताडून पाहायला अस्सल माल हाताशी आहे.

तर फिडल म्हणजे काय? फिडल म्हणजे व्हायोलिनच. लाकूड तेच, तारा त्याच, गज तोच. मैफलीत शास्त्रोक्त संगीत वाजले की त्याला व्हायोलिन म्हणायचे आणि खेड्यातल्या नाचाला साथ करू लागले की फिडल, एवढाच काय तो फरक. तारा चार. मोकळ्या वाजवल्या तर एका सेकंदात त्यांची अनुक्रमे सुमारे १९६, २९४, ४४० आणि ६५९ कंपने होतात. पाश्चात्य लोक त्यांना जी, डी, ए आणि ई म्हणतात. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात आणि त्यांवर राळ घासलेली असते. या राळेमुळे गंमत होते ती अशी: गज ओढला की तार केसांना चिकटून थोडी ओढली जाते, ताण वाढला की सुटून मागे जाते, पुन्हा चिकटते, पुन्हा सुटते. ए तारेवर हे चिकटणे-सुटणे एका सेकंदात ४४० वेळा घडते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तारेच्या या चालीचे वर्णन केले आहे. गजाचा दाब किंचित वाढला, वेग किंचित कमी झाला, गज घोडीजवळ सरकला, की सुराचा पोत लगेच बदलतो. म्हणजे पेटीवादकाने पट्टी दाबून धरली की सूर भात्याच्या हवाली होतो, तसे फिडलवाल्याचे नाही. सूर संपेपर्यंत हात त्याच्यावरच असतो.

आयर्लंडच्या खेड्यांतून जे वाजते ते मुख्यतः नाचाचे संगीत. त्यात रील, जिग, हॉर्नपाइप, पोल्का असे प्रकार आहेत. रीलमध्ये पायाच्या एका ठेक्यात चार स्वर येतात. जिगमध्ये तीन-तीन स्वरांचे गट असतात, आपल्याला दादऱ्याची आठवण व्हावी असे. बहुतेक चालींचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा, आणि तो दोनदा वाजवायचा. म्हणजे एक आवर्तन बत्तीस खंडांचे झाले. रीलच्या एका खंडात आठ स्वर धरले तर आवर्तनात २५६ स्वर भरतात. आता ठेका मिनिटाला ११२ धरा. हिशेब केलात तर सेकंदाला साडेसात स्वर पडतात आणि सगळे आवर्तन चौतीस सेकंदांत पुरे होते. हा साडेसात स्वरांचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

आता यंत्राकडे वळू. यंत्र सूर कुठून आणते? ते सूर निर्माण करत नाही, साठवलेला काढून देते. एखाद्या कसबी वादकाला शांत खोलीत बसवतात, त्याच्याकडून एकेक स्वर वाजवून घेतात आणि तो मुद्रित करून ठेवतात. पट्टी दाबली की तो मुद्रित तुकडा वाजतो. या तुकड्याला सॅम्पल म्हणतात, आपण नमुना म्हणू. कल्पना जुनी आहे. १९६३ साली इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन नावाचे वाद्य निघाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली फितीचा एक तुकडा होता आणि पट्टी दाबून धरली की तो सुमारे आठ सेकंद वाजे. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या फेअरलाइट या यंत्राने फितीऐवजी आकड्यांच्या रूपात ध्वनी साठवला. १९८३ साली मिडी नावाची एक संकेतभाषा ठरली. कुठली पट्टी, किती जोराने, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली, एवढा निरोप ती एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पोचवते. जोरासाठी १ ते १२७ असे आकडे आहेत. आज हे सारे साध्या संगणकावर होते, मोबाइल फोनवरसुद्धा होते. अशा न दिसणाऱ्या, नुसत्या नमुन्यांच्या वाद्याला आभासी वाद्य म्हणतात.

वरवर पाहता वाटते, प्रश्न सुटला! अस्सल फिडलचे अस्सल स्वर आहेत, मग वाजवायला काय हरकत? मलाही तसेच वाटले होते. गेल्या पावसाळ्यात मी एका रीलची छापील स्वरलिपी घेतली, संगणकात स्वर एकेक करून भरले आणि मोठ्या हौसेने शेजारच्या वृद्ध व्हायोलिन शिक्षकांना ऐकवले. त्यांनी दोन आवर्तने ऐकून घेतली. सूर सगळे आहेत, पण त्यांच्यामागे हात दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते तेव्हा नीट उमगले नाही. नंतर मूळ वादकांची ध्वनिमुद्रणे अर्ध्या वेगाने पुन्हा पुन्हा ऐकली, तेव्हा उलगडा होऊ लागला.

पहिली गोष्ट सुराच्या आरंभाची. पुष्कळ नमुने वाद्यवृंदासाठी मुद्रित केलेले असतात. त्यांत सूर सावकाश फुलत येतो. संथ चालीला ते शोभून दिसते. पण आपल्या रीलमध्ये एका स्वराला मिळतो सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा. सूर फुलायच्या आतच त्याची वेळ संपते. मग सारी चाल ओल्या मातीत चालल्यासारखी मागे रेंगाळते. फिडलवाल्याचा गज स्वराच्या आरंभीच तारेला चावतो. तो चावा नमुन्यात नसेल, तर पुढे कितीही खटपट केली तरी तो येणार नाही.

दुसरी गोष्ट सांध्याची, आणि सगळ्यांत महत्त्वाची हीच. मणी चांगले असले तरी माळ दोऱ्यावर ठरते ना? तसंच इथे आहे. वादक एका गजात कधी एक स्वर घेतो, कधी दोन, कधी तीन-चार. एका गजातले स्वर एकमेकांत मिसळतात. गज उलटला की मध्ये बारीक खाच पडते. ही खाच कुठे पडते, यावर चालीचा डौल ठरतो. कित्येक वादक ठेक्याच्या आधीचा स्वर आणि ठेक्यावरचा स्वर एकाच गजात बांधतात, त्यामुळे चाल पुढे झुकल्यासारखी, लयीत ढकलल्यासारखी वाटते. नुसत्या स्वरांच्या नमुन्यांत हे सांधे नसतात.

सांधेही मुद्रित करावेत म्हटले तर काय होते, त्याचा हिशेब करून पाहू. नाचाच्या चालींना लागणारा पल्ला बहुधा २९ स्वरांच्या आत असतो. प्रत्येक स्वर ओढत्या गजाने आणि ढकलत्या गजाने असे दोन प्रकार. हलका, मध्यम, जोरकस असे तीन जोर. आणि तोच तुकडा लागोपाठ वाजू नये म्हणून प्रत्येकाच्या तीन आवृत्त्या. २९ गुणिले २ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे ५२२ तुकडे झाले. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या जोड्या होतात २९ गुणिले २८, म्हणजे ८१२. त्या एका गजात आणि गज उलटून अशा दोन्ही तऱ्हांनी घेतल्या तर १६२४. चांगल्या संचांत असे हजारो तुकडे असतात, ते उगीच नव्हे. पण कुठला सांधा कुठे लावायचा, हे संच सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.

तिसरी गोष्ट अलंकारांची. आयरिश वादक एखाद्या स्वरावर वरचे बोट क्षणभर आपटतो, त्याला कट म्हणतात. बोट तारेवर पुरते दबत नाही, म्हणून त्याला स्वर म्हणण्यापेक्षा टिचकी म्हणावे. रोल म्हणजे मूळ स्वर, वरचा, पुन्हा मूळ, खालचा, पुन्हा मूळ, अशी पाचांची गिरकी. ट्रेबल म्हणजे गजाचे तीन आखूड, चपळ फटकारे. प्रत्येकाला सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा मिळत नाही. हे अलंकार पट्ट्यांवर पूर्ण स्वरांसारखे वाजवले की पेटीवर जिना चढल्यासारखे ऐकू येतात. म्हणून वरच्या-खालच्या स्वरांचा जोर अगदी उतरवावा लागतो, त्यांची लांबी शक्य तितकी कमी करावी लागते, आणि मधला सांधा एकाच गजाचा ठेवावा लागतो. ट्रेबलमधले तीन फटकारे मात्र एका ठशाचे असून भागत नाही. पहिले दोन कोरडे, खरखरीत, आणि तिसरा किंचित मोकळा असे ते ऐकू आले पाहिजेत.

चौथी गोष्ट आंदोलनाची, म्हणजे बोट तारेवर डोलवून सूर थरथरवण्याची. मैफलीतला व्हायोलिनवादक ते सढळ हाताने वापरतो. जुन्या वळणाचे आयरिश फिडलवादक नाचाच्या चालीत ते जवळजवळ वापरत नाहीत. नमुना मुद्रित करताना ते आंदोलन सुरात शिरलेले असेल, तर काढता येत नाही. भाजीत पडलेलं मीठ कुणी काढून घेतलंय का? म्हणून नमुने निवडतानाच बिनआंदोलनाचे निवडावेत. खोलीचेही तसेच. हे संगीत पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात, चुलीपुढच्या फरशीवर वाजत आले. १९३५ साली आयर्लंडमध्ये सार्वजनिक नाचगृहांचा कायदा झाला, परवान्याची अट आली, आणि घरोघरच्या नाचांना त्याची मोठी झळ लागली. पण संगीताचा बाज घरगुतीच राहिला. त्याला मोठ्या सभागृहाचा घुमार लावला की घरच्या माणसाला दरबारी झगा चढवल्यासारखं दिसतं.

पाचवी गोष्ट स्वरस्थानांची. पट्ट्यांच्या वाद्यात सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. जुने फिडलवादक ते बारा भाग पाळतातच असे नाही. विशेषतः सी हा स्वर कित्येक जण शुद्ध सी आणि त्याच्या वरचा तीव्र सी यांच्या मध्ये कुठेतरी लावतात, आणि कधी खालून घसरत त्यावर येतात. आपल्या श्रोत्यांना यात नवल वाटू नये. श्रुती आणि मींड ज्यांच्या कानांना ठाऊक आहेत, त्यांना ही गोष्ट चटकन कळते. मिडीत सूर वर-खाली वाकवण्याची सोय आहे, तिच्यात १६,३८४ पायऱ्या आहेत. म्हणजे सोय आहे, पण वाकवायचं कुठं, हे कानानंच ठरवायला हवं.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता एका शिक्षकाचीच गोष्ट सांगतो. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, केरी आणि कॉर्क या परगण्यांच्या सीमेवर स्लीव लूखरा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे पॉड्रिग ओकीफ नावाचे एक शाळामास्तर होते. जन्म १८८७चा, मृत्यू १९६३चा. पुढे त्यांची शाळा सुटली आणि ते गावोगाव पायी फिरून फिडल शिकवू लागले. शेतकऱ्यांच्या मुलांना पाश्चात्य स्वरलिपी कुठून येणार? म्हणून मास्तरांनी स्वतःची लिपी काढली. स्वरलिपीच्या पाच रेघांमध्ये चार मोकळ्या जागा असतात. मास्तरांनी त्या चार जागांना फिडलच्या चार तारा मानले आणि प्रत्येक जागेत बोटाचा आकडा लिहिला. मोकळ्या तारेला शून्य. मुलाने कागद पाहायचा, अमक्या तारेवर अमके बोट ठेवायचे, की चाल वाजू लागलीच.

या लिपीतली खुबी तुमच्या ध्यानात आली का? नेहमीची स्वरलिपी कानाला काय ऐकू यावे ते सांगते. मास्तरांची लिपी हाताने काय करावे ते सांगते. उदाहरणार्थ, ४४० कंपनांचा तो ए स्वर घ्या. तो मोकळ्या ए तारेवर निघतो, तसाच डी तारेवर चौथे बोट ठेवूनही निघतो. स्वर एकच, पण मोकळी तार खणखणीत आणि उघडी वाजते, बोट ठेवलेली तार दबकी आणि गोल वाजते. शिवाय चौथ्या बोटाने डी तारेवर ए धरला आणि शेजारची मोकळी ए तारही गजाने हलकेच घासली, तर दोन तारांवर एकच स्वर घुमतो. कीबोर्डवर ए एकच आहे. कुठल्या तारेवरचा, ते कीबोर्डला ठाऊक नसते. माझ्या शेजारच्या शिक्षकांना जो हात दिसत नव्हता, तो हाच.

तेव्हा यंत्राकडून फिडल खरीखुरी वाजवून घ्यायची असेल, तर यंत्राला स्वर सांगून भागत नाही, हात सांगावा लागतो. कामाचा क्रम असा ठेवावा. आधी एकच वादक निवडावा आणि त्याची एकच चाल. वेग निम्मा करून, सूर तोच ठेवून ऐकण्याची सोय आता संगणकावर सहज मिळते. गज कुठे उलटतो ते कागदावर खुणांनी लिहावे. कुठला स्वर कुठल्या तारेवरचा, मोकळी तार कुठे घुमते, टिचक्या कुठे पडतात, ते टिपावे. हे झाल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. मग कोरडे, बिनआंदोलनाचे, चटकन बोलणारे नमुने घ्यावेत. स्वर पडद्यावर एकेक करून ठोकू नयेत. पायाने ठेका धरून पट्ट्यांवर प्रत्यक्ष वाजवावेत, हवे तर सावकाश वाजवावेत आणि मागाहून वेग वाढवावा. संगणक मात्रा सरळ रेषेत लावून देण्याची तयारी दाखवतो, त्या मोहात पडू नये. रीलमधले स्वर कागदावर सारखे दिसतात, पण वाजताना पहिला थोडा लांब आणि दुसरा थोडा आखूड असा त्यांचा झोका असतो, आणि तो प्रत्येक वादकाचा निराळा असतो. शेवटी, दुसरे आवर्तन पहिल्याची नक्कल करून जोडू नये. जुना वादक तीच चाल तीनदा वाजवताना तिन्ही वेळा काही ना काही बदलतो. नक्कल जोडत गेलात तर तेलाच्या घाण्याचा बैल फिरल्यासारखी चाल फिरते, पोचत कुठेच नाही.

एवढे केल्यावर ती हुबेहूब होते का? प्रामाणिकपणे सांगायचे तर पुष्कळ जवळ जाते, विशेषतः बाकीच्या वाद्यांच्या साथीत. एकटी वाजवली तर जाणता कान अजूनही ओळखतो. पण मला त्यापेक्षा निराळी चिंता वाटते.

आयर्लंडमध्ये फिडल एक नव्हे. उत्तरेच्या डोनेगॉल परगण्यात गजाचे सुटे फटकारे आणि ट्रेबल यांचा भरणा असतो. पश्चिमेच्या स्लायगोत गज लांब वळणे घेतो, रोलच्या गिरक्या भरपूर असतात. ओकीफ मास्तरांच्या मुलखात पोल्का गाजतात, आणि दोन फिडल एकत्र वाजू लागल्या की एक जण तीच चाल खालच्या सप्तकात धरतो. डोनेगॉलमध्ये जॉन डॉहर्टी नावाचे प्रसिद्ध वादक होऊन गेले. ते १९८० साली वारले. त्यांचे घराणे फिरत्या कथिलकामाऱ्यांचे, डबे-भांडी घडवणारे. या घराण्यातल्या माणसांनी पत्र्याच्या फिडलसुद्धा बनवल्या आणि वाजवल्या. आता सांगा, बाजारातला नमुन्यांचा संच कुणाच्या हातचा असतो? बहुधा एका वादकाच्या, एका उत्तम वाद्याच्या. तोच संच सगळीकडे गेला की डोनेगॉलचा फटकारा, केरीची घूम आणि पत्र्याचा खणखणाट, सगळ्यांच्या जागी एकच गुळगुळीत फिडल ऐकू येऊ लागते. आणि ज्या पोराने दुसरी ऐकलीच नाही, त्याला तीच खरी वाटते.

असे पूर्वी एकदा घडलेही आहे, आणि ते घडवले अशाच एका यंत्राने. मायकेल कोलमन हा स्लायगो परगण्यातला फिडलवादक. जन्म १८९१चा. १९१४ साली तो अमेरिकेत गेला, १९२१पासून पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघू लागल्या. त्या तबकड्या समुद्र ओलांडून आयर्लंडच्या खेड्यांत पोचल्या. त्याचे वादन इतके तेजस्वी होते की देशभरचे तरुण त्याच्यासारखे वाजवू लागले; आपल्या गावची पद्धत कित्येकांना ओबडधोबड वाटू लागली. तबकडीने स्लायगोचे वादन अमर केले, हे खरे. त्याच तबकडीने शेजारच्या गावांचा आवाज दबला, हेही तितकेच खरे. पुढे आयर्लंडच्या रेडिओने एक शहाणपणाची गोष्ट केली. १९४७ साली सेमस एनिस या संगीतज्ञाला नेमून ध्वनिमुद्रणाचे साहित्य गावोगाव पाठवायला सुरुवात केली. ज्या यंत्राने एक आवाज सगळीकडे नेला, त्याच यंत्राने मग ठिकठिकाणचे आवाज गोळा करून आणले.

आपल्या आकाशवाणीच्या इतिहासातही यंत्रावरचा असा एक वाद आहे. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली. तक्रार हीच होती: पट्ट्यांच्या वाद्यात मींड नाही, श्रुती नाहीत, आपल्या गाण्याला ते शोभत नाही. बंदी १९७१ साली सैल झाली. तक्रार खोटी नव्हती. पण मधल्या काळात पेटी देवळांतून, तमाशाच्या फडांतून, भजनी मंडळांतून वाजतच राहिली, आणि थोर पेटीवादकांनी तिच्या उणिवा ओळखून तिच्याकडून अप्रतिम काम करून घेतले. बंदीने त्यांना काही शिकवले नाही. ते शिकले गाणाऱ्यांच्या संगतीत, कान उघडा ठेवून.

म्हणून मांडवातल्या त्या कीबोर्डवाल्या पोराला मी नावे ठेवणार नाही. त्याच्या हातात यंत्र आहे, पण त्याने सनईवाला जवळ बसून कधी ऐकला आहे का, एवढेच मी विचारीन. आणि हे काम शिक्षकांनो, तुमच्या हातचे आहे. आज खेड्यातल्या बहुतेक घरांत ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. एनिस यांच्या काळी त्याला गाडीभर सामान लागे. तुमच्या पंचक्रोशीत कुणी सनई, सुंद्री, सारंगी, तुणतुणे, किंगरी वाजवणारे वृद्ध असतील, तर एखाद्या रविवारी चार मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा. आधी त्यांची परवानगी घ्या, आणि मुद्रण पुढे कुठे वापरायचे ते त्यांना मोकळेपणाने सांगा. पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर ठेवा. सुटे सूर घेऊ नका, पुरी चाल घ्या. एकदा नव्हे, दोनदा घ्या, म्हणजे बदल कळतात. मग तीच चाल सावकाश वाजवायला सांगा, आणि फोनने हात टिपून घ्या; फुंकीचे वाद्य असेल तर ओठ आणि गालही. शेवटी त्यांच्याच तोंडून नाव, गाव, वाद्य कुणाकडून शिकले, आणि ही चाल कुठल्या प्रसंगी वाजवतात, ते बोलून घ्या. तारीख लिहून ठेवा. त्याची एक प्रत त्या घरी द्यायला विसरू नका.

उद्या कुणी यंत्रातून आपली सनई वाजवायला बसेल, आणि ते कुणीतरी करणारच, तेव्हा त्याला ताडून पाहायला काहीतरी हाताशी असेल. तुमच्या शाळेच्या कपाटात ते असावे.